रहाट कोणी ओढला

माझं अक्षर चांगलं आहे. सिनेमाच्या धंद्यात मी शिरले ती एवढ्या एका गुणावर.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही विरार पूर्वेला चंदनसारला फ्लॅट घेतला, तेव्हा तिथे इमारती कमी आणि चिखल जास्त होता. नवरा सकाळीच मुंबईला नोकरीवर जायचा, मुलगी शाळेत, आणि मी पाण्याच्या टँकरची वाट बघत गॅलरीत. नवऱ्याचा एक कॉलेजातला मित्र वसईला राहायचा आणि मराठी चित्रपट काढायचा. काढायचा म्हणजे एक काढला होता, आणि दुसरा काढायच्या बेतात तो कायम असायचा. एकदा आमच्याकडे जेवायला आला असताना त्याने मुलीच्या वहीवर मी घातलेलं नाव बघितलं आणि म्हणाला, “वहिनी, हे अक्षर तुमचं? माझी पटकथा उतरवून द्याल का? माझं लिहिलेलं माझ्याच माणसांना लागत नाही.”

दुपारी घर खायला उठायचं, म्हणून मी हो म्हटलं.

तेव्हा आमच्याकडच्या छोट्या चित्रपटांच्या पटकथा हातानेच लिहिलेल्या असायच्या. पानाच्या डाव्या अंगाला काय दिसतं ते, उजव्या अंगाला कोण काय बोलतं ते. खाली दोन कार्बन घालून मी दाबून दाबून लिहायचे. पहिली प्रत दिग्दर्शकाला, दुसरी कॅमेरावाल्याला, आणि तिसरी, जी वाचायला डोळे फोडायला लागायचे, ती नटांना. लिहिता लिहिता मला चुका दिसायला लागल्या. चौदाव्या प्रसंगात वारलेला मामा एकेचाळिसाव्या प्रसंगात भाचीच्या लग्नात अक्षता टाकत होता. मी समासात लिहिलं, ‘मामा मेला आहे.’ दुसऱ्या दिवशी सकाळीच दिग्दर्शक दारात. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण स्वारी खूश होती. “चार जणांनी वाचलं वहिनी, एकाच्याही लक्षात आलं नाही!” त्या दिवसापासून मी पटकथा उतरवणारी राहिले नाही. पटकथा दुरुस्त करणारी झाले.

माझी कामाची हत्यारं तीन. कात्री, डिंकाची बाटली आणि लाल पेन. लेखकाची पानं कापायची, प्रसंगांचे तुकडे लादीवर मांडायचे, पुढचा मागे, मागचा पुढे करायचा, नको तो उचलून बाजूला टाकायचा आणि उरलेलं कोऱ्या कागदावर चिकटवायचं. मग त्यावर लाल पेनाने डागडुजी. माझा स्वभाव मुळात तोडण्याचाच आहे, बोलण्यात काय आणि कागदावर काय. रडक्या पात्रांचा मला राग यायचा. खोकणारी आई दिसली की मी आधी तिचं औषध लिहून टाकायचे. दिग्दर्शकाला प्रत्येक पटकथेत चिंचोटीच्या धबधब्यावर एक गाणं हवं असायचं, कारण धबधबा जवळ होता आणि फुकट होता. ती गाणीसुद्धा मी कापायचे, तो परत चिकटवायचा. असं आमचं मजेत चाललं होतं.

सगळ्यात हुकमी दुरुस्ती म्हणजे दोन पात्रं एक करणं. दोन काका असतील तर एक काका पुरतो. शेजारीण आणि मोलकरीण दोघी असतील तर शेजारणीलाच भांडी घासायला लावायची. ज्याला कापलं त्याची चांगली चांगली कामं राहिलेल्याच्या नावावर जातात, माणसं कमी होतात, गोष्ट पळायला लागते. मला हे इतकं छान जमायचं, की दिग्दर्शक चारचौघांत सांगायचा, “वहिनींच्या हातात कात्री द्या आणि बाहेर जाऊन बसा.” मी वरवर ‘काहीतरीच काय’ म्हणायचे. आतून मला माज चढला होता. आता एकच गोष्ट उरली होती. पडद्यावर ‘पटकथा’ या शब्दाखाली माझं नाव. ते मला हवं होतं, आणि किती हवं होतं ते मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

शतक संपायला दोन-तीन वर्षं राहिली असतील तेव्हाची गोष्ट. दिग्दर्शकाने दोन जाड वह्या आणून माझ्यापुढे टाकल्या. भुईगावच्या एका काकांनी लिहिलेली पटकथा. हे काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, घरची केळी आणि पानवेलींची वाडी, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आयुष्यात दुसरं काही लिहिलेलं नाही. “लांबण आहे,” दिग्दर्शक म्हणाला, “पण आत काहीतरी आहे. बघा.”

मी दुपारी कुकर लावून वाचायला बसले आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायचं विसरले. भात पार लगदा झाला.

गोष्ट दोन भावंडांची होती. बाप गेल्यावर थोरली बहीण वाडी अंगावर घेते. चुलत्यांशी पाण्याच्या पाळीवरून भांडते, केळ्यांचे घड डोक्यावरून नेते, दोन स्थळं परत पाठवते, आणि भावाला शिकवते. भाऊ मॅट्रिकला बसतो त्या महिन्यात रहाटाचा बैल पडतो. तेव्हा वाडीतल्या विहिरींवर रहाट असायचे; बैल गोल फिरायचा आणि पोहऱ्यांची माळ पाणी वर आणायची. बैल नाही म्हणजे पाणी नाही, पाणी नाही म्हणजे पानवेल चार दिवसांत माना टाकणार. दुसरा बैल मिळेपर्यंत शेजारी मदतीला येतील, पण मग भावालाही पुस्तक टाकून त्यांच्याबरोबर उतरावं लागेल. म्हणून बहीण कुणाला न सांगता पहाटे उठते, रहाटाच्या आडव्या लाकडाला छाती लावते आणि बैलाच्या जागी स्वतः फिरते. दहा दिवस. भाऊ आत बसून वाचत असतो, आणि त्याला रहाटाची कुरकुर ऐकू येत असते.

एवढंच. कुणी रडत नाही, कुणी कुणाचे पाय धरत नाही. मी मात्र रडले. रडक्या पात्रांचा राग येणारी मी, वही मांडीवर ठेवून पदराने डोळे पुसत होते.

काकांना भेटायला मी पहिल्यांदा गेले ते वसई स्टेशनवरून एसटीने. भुईगावला उतरून चिंचोळ्या गल्लीतून चालत गेलं की एका बाजूला ख्रिस्ती घरं, त्यांच्या अंगणातले क्रूस, आणि मग काकांच्या वाडीचं फाटक. काका बारीक, टापटिपीचे, सदऱ्याच्या खिशाला पेन. आम्ही ओटीवर बसलो. आतून एक उंच, वाळक्या अंगाच्या बाई चहा घेऊन आल्या, माझ्याकडे बघून हसल्या आणि परत वाडीत गेल्या. त्यांना सगळं गाव बाय म्हणायचं. काकांच्या थोरल्या बहीण. मी कप हातात धरून त्यांच्या पाठमोऱ्या खांद्यांकडे बघत राहिले.

“त्याच का?” मी हळूच विचारलं.

काकांनी मान हलवली. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, “तिला ठाऊक नाही हां ताई. मी कायतरी लिहितो एवढंच तिला माहीत. तिला लिहिता-वाचता येत नाही. आणि आमच्या घरात असं कुणी कुणाला बोलून दाखवत नाही. पन्नास वर्षं झाली, मी तिला एकदा म्हटलं नाही की बाय, तू होतीस म्हणून मी झालो. तोंडच उघडत नाही. म्हणून लिहिलं.” मग चहाचा कप बाजूला ठेवून ते म्हणाले, “माझी एकच अट आहे. शूटिंगच्या आधी तुम्ही लोक सगळी पटकथा मोठ्याने वाचता ना? ते वाचन माझ्या घरी करा. तिच्यासमोर. म्हणजे माझं सांगून होईल.”

मी त्यांना वचन दिलं. वही वाचून मी रडले होते, तेही सांगितलं. काकांचे डोळे भरून आले. त्यानंतर त्यांचा माझ्यावर डोळे मिटून विश्वास बसला.

पुढचे दोन महिने मी आठवड्यातून एकदा भुईगावला जायचे. काकांशी प्रसंगांवर बोलायचे आणि निघताना बाय माझ्या पिशवीत काहीतरी कोंबायच्या, कधी केळी, कधी अळूची पानं. भावाशी त्या त्यांच्या घरच्या बोलीत बोलायच्या, जी मला निम्मीच कळायची. माझ्याशी सांभाळून बोलायच्या. “तुझी पोरगी केवढी? तिला घेऊन ये गो एकदा.” मला त्या आवडायच्या. पुढे जे सांगणार आहे ते वाचताना हे लक्षात राहावं. मी त्यांना न ओळखता काही केलं असं नाही.

मग दिग्दर्शकाला नट मिळाला. रंगभूमीवर तेव्हा नाव असलेला, आणि तो हो म्हणाला की पैसे लावणारा हो म्हणणार होता. नटाने पटकथा चाळली आणि म्हणाला, सगळं बहीणच करते, मी काय पूर्ण सिनेमाभर पुस्तक वाचत बसू? दिग्दर्शक माझ्याकडे आला. सोफ्यावर बसून त्याने चप्पल काढली, याचा अर्थ काम अवघड होतं.

“वहिनी, बहीण आणि भाऊ एक करता येतील?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“म्हणजे बहीण कापायची. भाऊच सगळं करतो. वाडी तोच बघतो, शिकतो पण तोच. चुलत्यांशी तोच भांडतो. आणि तो रहाटाचा प्रसंग! विचार करा, हिरो स्वतः रहाट ओढतोय. थेटर डोक्यावर घेतील.”

मी नाही म्हणाले, हे खरं आहे. पण किती वेळ नाही म्हणाले, ते सांगायची मला लाज वाटते. चहा उकळून गाळेपर्यंत. चहा आणून ठेवला तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, “एवढा बदल केला म्हणजे पटकथा तुमचीच झाली. कथा काकांची, पटकथा तुमची. तसं नाव देऊ.”

मी साखर ढवळली आणि म्हटलं, “बघते.”

एका आठवड्यात झालं. काकांच्या वह्यांची पानं मी लादीवर कापून मांडली. त्यांची दुसरी प्रत करून घ्यायला हवी होती, पण मला घाई होती, आणि खरं सांगायचं तर मूळ पान अखंड समोर असलं की माझा हात अडत होता. कापल्यावर अडला नाही. बहिणीचे चौदा प्रसंग होते. त्यातले पाच काढून टाकले, नऊ हिरोला दिले. जिथे जिथे ती होती तिथे लाल पेनाने तो केला. आपल्या भाषेत एक शब्द बदलून भागत नाही. उठते, वाकते, ओढते, प्रत्येक क्रियापद हाताने पुरुष करावं लागतं. रहाटाचं पान संपवलं तेव्हा ते लालभडक झालं होतं. मी त्यावर भलतीच खूश झाले. वाक्यांना ठेका आला होता. तो प्रसंग मी इतक्या वेळा मोठ्याने म्हणून बघितला, इतक्या वेळा नव्याने उतरवला, की मला पाठ झाला.

काकांची लेखी संमती लागत होती. दिग्दर्शकाचा कागद घेऊन मीच भुईगावला गेले. काकांनी विचारलं, “फार बदललं का हो?”

मी म्हटलं, “थोडं लहान केलंय काका. गाभा तोच आहे.”

“आणि रहाट?”

“रहाट तर सगळ्यात मोठा प्रसंग झालाय.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता, असं मी परतीच्या बसमध्ये स्वतःला सांगत होते. काकांनी कागद न वाचता सही केली होती. मी त्यांना म्हणाले असते की आधी वाचा, तर त्यांनी वाचला असता. बदललेली पटकथा मागितली असती. त्यांनी मागू नये म्हणूनच मी सारखी घड्याळाकडे बघत बसले होते. वाचनाच्या दिवशी काय होणार हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण मी मनाशी ठरवून टाकलं होतं की म्हातारा माणूस आहे, चारचौघांत वाद घालणार नाही, आणि बायना काय कळणार आहे.

हे वाक्य मी तेव्हा मनात म्हटलं होतं, ‘बायना काय कळणार आहे.’ आज ते लिहिताना मला स्वतःची किळस येते.

वाचन एका रविवारी दुपारी ठरलं. दिग्दर्शक आला, नट त्याच्या गाडीतून आला, आणि वाडीतल्या थंडाव्यात सगळे खुशीत होते. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. बाय ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या, पण रिकाम्या बसणार कशा, म्हणून सुपात वाल घेऊन दाराच्या चौकटीला टेकून सोलत बसल्या. काकांनी त्यांना मुद्दाम पुढे बोलावलं. “इथे बस बाय, नीट ऐक हां.” ते माझ्याकडे बघून हसले, लहान मुलासारखे. ते हसू मी अजून विसरू शकलेले नाही.

अक्षर माझं, म्हणून वाचायचं मीच. मी वाचायला लागले. पहिल्या दहा मिनिटांत काकांच्या कपाळाला आठी पडली. बहीण अजून आली नव्हती. त्यांना वाटलं असेल, पुढे येईल. पाचवा प्रसंग गेला, दहावा गेला. चुलत्यांशी पाण्यावरून भांडणारा हिरो ऐकून नट मांडीवर थाप मारून “वा!” म्हणाला. काका हळूहळू मान खाली घालत चालले होते. मी एकदाच त्यांच्याकडे बघितलं आणि परत बघितलं नाही.

मग बाविसावा प्रसंग आला, रहाटाचा. मी तो चांगला वाचला. नाही म्हणायला जागाच नाही, उत्तम वाचला. पहाटेचा अंधार, पडलेला बैल, लाकडाला छाती लावणारा हिरो. जिथे थांबायचं तिथे थांबले, जिथे आवाज चढवायचा तिथे चढवला. प्रसंग संपला. वाल सोलण्याचा आवाज थांबला होता.

बाय म्हणाल्या, “रहाट यानं ओढला?”

आवाज अगदी साधा होता. कुणाकडेही रोखून बघत नव्हत्या त्या. सुपाकडे बघत होत्या.

दिग्दर्शक हसला. “बाय, सिनेमा आहे हा. थोडं इकडचं तिकडे होतंच.”

काकांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना काही बोलायचं होतं आणि बोलता येत नव्हतं, कारण बोलायचं म्हणजे नट आणि दिग्दर्शकासमोर, परक्या माणसांसमोर, पन्नास वर्षांत न बोललेलं बोलायचं. ते काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, ‘बाय, काकांनी तुमचंच लिहिलं होतं, बदललं मी.’ इतकं सोपं वाक्य, आणि ते माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं. पण नट खूश होता, दिग्दर्शक खूश होता, आणि मला पडद्यावर माझं नाव दिसत होतं.

मी पान उलटलं आणि म्हटलं, “प्रसंग तेवीस.”

बाय शेवटपर्यंत बसल्या. मग उठून सगळ्यांना चहा केला. निघताना मला सुकेळ्यांची पुडी दिली. “पोरीला दे,” म्हणाल्या. आमच्या वसईची सुकेळी, केळी उन्हात वाळवून केलेली, वर केळीच्याच पानाचं वेष्टण. मी घेतली. परत केली असती तरी ते नाटकच झालं असतं, म्हणा.

पंधरा दिवसांनी काका चंदनसारला आमच्या घरी आले. पत्ता विचारत विचारत, भर उन्हातून. मी दार उघडलं. मला वाटलं, आता हिशेब होणार. पण काका खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “तुम्हाला दोष नाही हां ताई. ते त्या दिग्दर्शकाचं काम. तुम्ही तर वाचून रडला होतात.”

मी उठून पंख्याचा वेग वाढवला.

“मी बायला सांगितलं की मी असं लिहिलं नव्हतं. ती म्हणते, असू दे. चार वेळा सांगितलं. असू दे म्हणते.” त्यांनी रुमालाने मान पुसली. “तिला वाटतं मी आता सारवासारव करतोय. माझी वही परत मिळाली असती तर बरं होतं. सगळी नको. रहाटाचं एक पान. शेजारची मुलगी कॉलेजात आहे, तिच्याकडून वाचून घेईन. मी वाचलं तर बाय म्हणेल, हा मनाचं घालतोय.”

ते पान त्याच खोलीत होतं. काकांच्या पाठीमागच्या कपाटात, खालच्या खणात. ते काढून दिलं असतं तर काकांना त्यांचे शब्द दिसले असते, आणि प्रत्येक शब्दावर माझं लाल अक्षर दिसलं असतं. ते अक्षर ते ओळखत होते. दिग्दर्शकाचं काम नव्हतं हे त्यांना एका नजरेत कळलं असतं. जगात एक माणूस मला निर्दोष समजत होता, आणि तोच नेमका ज्याचं मी सगळ्यात जास्त वाईट केलं होतं. मला त्याच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

“वह्या ऑफिसात आहेत काका,” मी म्हटलं. “मी विचारते.”

काकांनी पाणी घेतलं, चहा नको म्हणाले आणि गेले. नंतर शेजाऱ्यांच्या फोनवर त्यांचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी ‘अजून सापडलं नाही’ म्हणून सांगितलं. दुसऱ्या फोननंतर मी खालच्या खणातली सगळी पानं काढली, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात मध्यभागी सरकवली आणि रद्दीवाल्याला दिली. तो तराजूत गठ्ठा ठेवत होता तेव्हा मी तोंड फिरवून उभी होते.

चित्रपट निघालाच नाही. नटाला रोजची मालिका मिळाली, पैसे लावणारा दुसरीकडे वळला, दिग्दर्शक तिसऱ्या बेताला लागला. माझं नाव कधीच कुठल्या पडद्यावर आलं नाही. लोक म्हणतील, बरी अद्दल घडली. पण ही अद्दल नव्हे. मला काहीच झालं नाही. माझी मुलगी मोठी झाली, पटकथा कॉम्प्युटरवर टाइप होऊन यायला लागल्या, माझी कामं कमी झाली आणि मी शिकवण्या घ्यायला लागले. ज्यांचं काही झालं ते भुईगावला होते, आणि मी तिकडे फिरकत नव्हते. बाजारात सुकेळी दिसली तरी मी रस्ता बदलायचे.

चार वर्षांनी दिग्दर्शक असाच जेवायला आला असताना आमटी वाढून घेता घेता म्हणाला, “ते भुईगावचे काका गेले हो, गेल्या महिन्यात. छातीत कफ भरला होता.” आणि नवऱ्याशी क्रिकेटवर बोलायला लागला.

मी दोन आठवडे नुसती घरात फिरत राहिले. मग एक दिवस नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “बाय आहेत ना अजून? मग जा.”

बाय पडवीत एकट्याच बसल्या होत्या. विड्याची पानं एकावर एक लावत होत्या. खूप वाळल्या होत्या, पण मला लगेच ओळखलं. “तू ती वाचणारी ना गो?”

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. काकांनी तुमच्यावर लिहिलं होतं. रहाट तुम्हीच ओढत होतात त्यात. बदललं मी, दिग्दर्शकाने नाही. काकांना फसवून सही घेतली. ते पान मागायला आले तेव्हा ते माझ्या घरात होतं आणि मी दिलं नाही. रद्दीत घातलं. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, कारण रडून सहानुभूती मिळवायची मला लाज वाटत होती. तेवढं एक जमलं.

बाय पानं लावत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला ठाऊक होतं.”

“काय?”

“तो तसं लिहील काय? मी रहाट ओढत होते तेव्हा तो खिडकीत उभा राहून रडत होता. मीच आत हाकलला त्याला, वाच म्हणून. तो कसा लिहील की रहाट त्यानंच ओढला?”

मी म्हटलं, “मग त्या दिवशी तुम्ही विचारलंत का?”

“वाचत तू होतीस. वाटलं, तू सांगशील.”

त्यांनी पानांची चळत बाजूला ठेवली. राग नव्हता त्यांच्या आवाजात. मला तो हवा होता. “त्याला मी किती सांगितलं, अरे, मला ठाऊक आहे. त्याला पटायचं नाय. वाटायचं, बाय माझं मन राखते. दवाखान्यात पण तेच. बाय, मी नाय लिहिलं तसं. मी म्हटलं, असू दे रे. दुसरं काय म्हणू? माझं नाय पटलं त्याला. तू एकदा येऊन सांगितलं असतंस, तर पटलं असतं.”

विहिरीवरचा विजेचा पंप सुरू होता. पाटातून पाणी केळींकडे चाललं होतं. मी मान खाली घालून बसले होते. उठून जावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं.

थोड्या वेळाने बाय जरा पुढे सरकल्या. “बरं, आता सांग. काय लिहिलेलं त्यानं? त्याच्या शब्दात सांग. मी कधी ऐकलंच नाय.”

मी आठवायला लागले. दोन वह्या मी अथपासून इतीपर्यंत वाचल्या होत्या. ते पान वाचून माझा भात लगदा झाला होता. त्याची सुरुवात कशी होती? पहाट होती, बैल पडला होता, आणि मग काकांनी काय लिहिलं होतं? मी तोंड उघडलं आणि आलं ते माझं वाक्य. ठेक्यातलं, घोटून पाठ केलेलं. तो वाकतो, लाकडाला छाती लावतो. मी थांबले, डोळे मिटले, परत सुरुवात केली. परत तोच आला.

बाय हात मांडीवर ठेवून वाट बघत होत्या.